आवाज आला की बोट वर

पक्षी दाखवण्याच्या धंद्यात भिण्यासारखं काय आहे, असं लोक मला विचारतात. तुमचं काय बुवा, सकाळी उठायचं, दुर्बीण गळ्यात अडकवायची आणि रानात हिंडायचं! मी हसतो, दुसरं काय करणार? या दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा असं मला सांगितलंय, तर त्याही लिहीन. पण माझ्या मनात एकच सकाळ ठाण मांडून बसली आहे, आणि ती काही गमतीची नाही. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सुचायचंही नाही.

हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान. आजोबा गडहिंग्लजकडून इकडे आले. तेव्हापासून आम्ही घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडताना दोन्ही. थोरले बंधू गादीवर बसायचे, मी कापड दाखवायला उभा. माझं लक्ष मात्र समोरच्या पिंपळावर. "एनले, गिऱ्हाईक उभं आहे आणि तू कावळे बघतोस?" असं आमचे वडील, अप्पा, ओरडायचे. शेवटी त्यांनीच हात टेकले. मी धारवाडला बिऱ्हाड केलं आणि लोकांना पक्षी दाखवायला लागलो. पेठेत वर्षभर माझी चेष्टा झाली. "मधुअण्णा, आज चिमण्यांचा काय भाव?" आता त्याच पेठेतली माणसं नातवंडांना घेऊन माझ्याकडे येतात.

कापडाचा धंदा मात्र वाया गेला नाही. बदामी, खाकी, शेवाळी, मातकट हे रंग मला लहानपणापासून पाठ. पक्ष्यांत निम्मा घोळ याच रंगांचा असतो. उरलेला धंदा कानांचा. लोकांना वाटतं पक्षी बघायचे म्हणजे डोळ्यांचं काम. तसं नाही. रानात पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसतो, आणि कितीतरी पक्षी दिसतच नाहीत. तो कुठल्या फांदीत आहे हे मी कानांनी हेरायचं आणि तिकडे गिऱ्हाइकाला वळवायचं. डोळे गिऱ्हाइकाचे, कान माझे, असा हा सगळा व्यवहार.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने असतात. बेळगावचे एक निवृत्त न्यायाधीश होते. मी म्हणायचो "हा नाचण," की ते म्हणायचे, "पुरावा?" गदगचे एक शेटजी सकाळभर माझ्यामागून मुकाट हिंडले, आणि निघताना हळूच विचारलं, "अण्णा, यातला खायला चांगला कुठला?" त्यांना काय सांगितलं ते इथे छापण्यासारखं नाही.

आमच्या फेरीची एक रीत आहे, ती मीच पाडलेली. सुरुवातीला सगळ्यांनी तळ्याच्या बांधावर गोल उभं राहायचं, डोळे मिटायचे, मूठ छातीशी धरायची. नवा आवाज आला की एक बोट वर. थोड्या वेळाने डोळे उघडायचे आणि कोणाची किती बोटं वर आहेत ते बघायचं. लोकांची दोन, फार तर तीन. माझे दोन्ही हात पुरत नसत. मग मी एकेक बोट मिटत नावं सांगायचो. हे फुलटोच्याचं, हे चष्मेवाल्याचं, हे शिंजिराचं. लोक थक्क व्हायचे. यात थोडी दुकानदारी होतीच. तागा फडकन उलगडल्याशिवाय गिऱ्हाईक बूड टेकत नाही.

पुढे पुढे ती रीत मी सोडून दिली, कारण पक्षीच कमी झाले होते. दोन हिवाळे मी बघत होतो, रान गप्प. थंडीचे पाहुणे, विशेषतः बारीक जातीचे, येईनासे झाले. मी हे सगळ्यांना सांगत सुटलो. विद्यानगरच्या एका कॉलेजात मुलांपुढे भाषण ठोकलं, की बाबांनो, तुमच्या डोळ्यांदेखत रान मुकं होतंय. मुलं गंभीर झाली, एका बाईंनी डोळे टिपले. कारणं माझ्याकडे तयार होती. रुंद झालेला रस्ता, नवे प्लॉट, शेतातली औषधं. त्यातली काही खरीही असतील.

तर ती सकाळ. संक्रांत नुकतीच झाली होती. पुण्याहून सबनीस नवरा-बायको आले होते आणि त्यांच्याबरोबर आमचे धारवाडचे देसाई वकील. वकीलसाहेब माझे जुने गिऱ्हाईक. बायको गेल्यावर त्यांना कोणीतरी माझ्या गळ्यात बांधलं, आणि मग ते मित्रच झाले. संक्रांतीचे कुसुरेळ्ळु, म्हणजे आपला हलवा, डबीत घेऊन आले होते आणि सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवत होते. कलघटगीच्या रस्त्याने आत गेलं की एक तळं लागतं आणि बांधाच्या पलीकडे झुडपी रान. आम्हाला तिथे जायचं होतं.

सबनीसबाईंना एकच पक्षी हवा होता, एक पर्णवटवट्या. ऐकायला किरकोळ वाटतं. हा पक्षी अंगठ्याएवढा, शेवाळी पाठ, मळकट पांढरं पोट, डोळ्यावर फिकट रेघ. आणि असे दिसणारे त्याचे तीन-चार भाऊबंद थंडीत हिमालयाकडून याच झाडांवर उतरतात. पानाआड सतत उड्या. त्यांना डोळ्यांनी ओळखायला जाणं म्हणजे एकाच खाकीचे चार तागे लांबून बघून गिरणी सांगणं. भले भले चकतात. त्यांचा फरक आवाजात. बाईंना हवा होता तो 'ची-वित' असा दोन तुकड्यांत बोलतो, दुसरा एकाच झटक्यात 'च्वी' म्हणतो. "बाई, तो डोळ्यांनी ओळखूच येत नाही," असं मी गाडीतच बजावलं होतं. "कानांनी ओळखायचा. पण आशा फार ठेवू नका, हल्ली येत नाहीत ते."

बांधावर पोचल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, ते तुमचं बोटांचं कराना! आमच्या मैत्रिणीने सांगितलंय."

"आता काय राहिलंय ऐकण्यासारखं," मी म्हणालो. पण त्या हटून बसल्या. सगळे गोल उभे राहिलो. डोळे मिटले.

टिटवी ओरडली. एक बोट. लांब कुठेतरी तांबट ठोकत होता. दुसरं बोट. मग शांतता. थंडीतल्या सकाळी असते तशी गुळगुळीत शांतता. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, की बघा, मी सांगतो ते खोटं नाही. मी डोळे उघडले.

बाकीच्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. सबनीसबाईंची पाच बोटं वर होती. त्यांच्या यजमानांची चार. देसाई वकिलांचा एक हात भरला होता आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर होती. मी बघत असतानाच त्यांनी तिसरं उचललं.

मी पुन्हा कान दिला, अगदी श्वास रोखून. काही नाही. आणि समोर सबनीसबाईंचं सहावं बोट हळूच वर आलं, चेहऱ्यावर हसू. मी माझा हात स्वेटरच्या खिशात घातला. पायांखालचा बांध तोच होता, तळं तेच होतं, आणि मला मात्र अनोळखी गावात उतरल्यासारखं झालं होतं.

डोळे उघडल्यावर सबनीसबाई म्हणाल्या, "अहो, एवढे तर आवाज आहेत! तुमचे किती?"

"चला, ऊन चढायच्या आत जाऊ," मी म्हणालो.

पुढे एका बाभळीखाली सबनीस थांबले. त्यांनी फोन वर धरला. हल्ली फोनच आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतो. मी त्या प्रकाराची नेहमी टिंगल करायचो. "फोन म्हणतोय पर्णवटवट्या आहे, इथेच," ते म्हणाले. बाई तर उड्याच मारायला लागल्या. "मलाही येतंय ऐकू! ची-वित, ची-वित! मधुअण्णा, सांगा ना, हाच का तो?"

मी वर बघितलं. एक पान हललं. शेवाळी रंगाचं काहीतरी सरकलं आणि गेलं. आवाज नाही. "दिसल्याशिवाय मी सांगत नसतो," मी म्हणालो.

"पण तुम्हीच तर म्हणालात, डोळ्यांनी ओळखूच येत नाही म्हणून!"

मी दुर्बिणीच्या काचा पुसायला लागलो. तेवढ्यात वकीलसाहेबांनी डबी पुढे केली. "तगोरी, कुसुरेळ्ळु घ्या अजून. अण्णा नीट बघितल्याशिवाय बोलत नाहीत, त्यांचा स्वभावच तसा." बाईंनी हलवा घेतला नाही. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

झुडपात शिरलो. वाटेवर नेहमीप्रमाणे मी पुढे. दोन्ही बाजूंना कंबरभर घाणेरीची झुडपं. एरवी या वाटेवर मला कधी भीती वाटली नाही, कारण रान स्वतःच बातमी देतं. खाली मांजर असो, साप असो, वर बारीक पक्षी जमून गिल्ला करतात, आणि आम्ही लांबूनच थांबतो. इतकी वर्षं मी माणसं आत नेली ती त्या गिल्ल्याच्या भरवशावर. त्या दिवशी कानात कापूस कोंबल्यासारखी वाट गप्प होती, आणि एकच विचार डोकं कुरतडत होता. आणखी काय काय ओरडतंय इथे, जे मला कळत नाही? मागे तीन माणसं माझ्या जिवावर चालत होती. मला मागे वळून म्हणायचं होतं, की परत चला. मी पुढचं पाऊल टाकलं.

वळण घेतलं आणि समोरचं झुडूप बघून मी जागच्या जागी थिजलो. चष्मेवाले, शिंजीर, फुलटोचे, दहा-बारा तरी चिमुकले पक्षी एकाच झुडपावर होते. शेपट्या उडत होत्या, पंख फडफडत होते, चोची वासलेल्या. आणि आवाज शून्य. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर बातम्या देणारी बाई दिसते, तसं. एखादा बुलबुल त्यांच्यात असता तर त्याचा जाड आवाज मला आला असता, पण बुलबुल तिथे नव्हता. माझ्या मागून सबनीसबाई आनंदाने म्हणाल्या, "अगंबाई, काय कलकलाट हा!" आणि दुर्बीण डोळ्यांना लावून माझ्या बाजूने पुढे निघाल्या.

तेव्हा मला दिसलं, की त्या सगळ्या चोची खाली वळलेल्या आहेत.

मी हात आडवा फेकला, तो त्यांच्या छातीवर बसला. "हलू नका!"

वकीलसाहेबांचा आवाज फुटला. "हावु! हावु ऐतरी!"

घोणस होती. वाटेच्या कडेला, उन्हाच्या पट्ट्यात, सुकलेल्या पानांत पानांसारखी. अंगावर ती तपकिरी साखळी. मान मागे ओढलेली. बाईंचा बूट तिच्यापासून एका पावलावर. मग ती फुसकारली, कुकरची शिट्टी अडकून वाफ निघावी तसं, लांबलचक. तेवढं मात्र मला ऐकू आलं. जाड आवाज होता ना!

"मागे. पाय न आपटता मागे," मी म्हणत होतो. आम्ही एकमेकांना धरून मागे सरकलो. घोणशीने थोडा वेळ आमच्याकडे बघितलं आणि सावकाश घाणेरीत निघून गेली. झुडपावरच्या चोची मिटल्या. सबनीसबाई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

गाडीपाशी मी मंडक्की-मिरची, म्हणजे आपले चुरमुरे आणि मिरचीची भजी, आणून ठेवली होती. कोणी खाल्ली नाही. बाई जरा सावरल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून वाचले हो." यजमान म्हणाले, "ते ठीक आहे, पण पक्षी काही मिळाला नाही. सकाळ फुकट गेली." ते फार सभ्यपणे म्हणाले. गाडी काढली आणि गेले.

मी आणि वकीलसाहेब बांधावर बसलो. मला वाटलं ते सापाबद्दल बोलतील.

"अण्णा," ते म्हणाले, "डॉक्टरला कधी दाखवणार?"

"कशाबद्दल?"

"आता माझ्यापुढे नको. मागल्या थंडीपासून बघतोय मी. डोक्यावर शिंजीर ओरडत असतो आणि तुम्ही खाली उभं राहून पक्षी गेले म्हणून भाषण करता."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलू? ही गेल्यावर घरात बसून मी कुजलो असतो. तुम्ही मला इथे आणलंत. तुम्हाला काय सांगू, की तुम्हाला ऐकू येत नाही?" त्यांनी डबीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "आणि मला वाटलं, चालतंय तोवर चालू दे. होगली बिडु."

"आणि आज त्या बाईंना काही झालं असतं तर, वकीलसाहेब?"

उभा जन्म कोर्टात बोलण्यात घालवलेला माणूस. त्यांनी डबी खिशात घातली आणि तळ्याकडे तोंड फिरवलं.

घरी येऊन अंगणात उभा राहिलो. पर्णवटवटे, शिंजीर, फुलटोचे, सगळे दोन वर्षं तिथेच होते. माझ्या डोक्यावर, माझ्या अंगणात. मी त्यांचं सुतक पाळत होतो आणि ते ओरडत होते. बायकोला, मंगलला, सांगितलं तर ती म्हणाली, "फोन वाजतो, तुम्ही उचलत नाही, म्हणून वर्षभर डोकं फोडतेय मी. तुम्हाला वाटलं, ही कटकट करते." मग तीही घाबरली. पदर तोंडाला लावून बसून राहिली.

विद्यानगरच्या दवाखान्यात तिनेच नेलं. काचेची छोटी खोली असते. आत बसायचं, कानांवर ते जाड झाकण लावायचं. तपासणारी मुलगी बाहेर यंत्रापाशी बसते. तिने मला बसवलं आणि गोड आवाजात सांगितलं, "अण्णा, डोळे मिटून बसा. आवाज आला की बोट वर करा."

मी तिच्याकडे बघितलं. तिला बिचारीला काय माहीत? आयुष्यभर मी लोकांना हेच सांगत आलो होतो.

डोळे मिटले. जाड भोंग्यासारखे आवाज आले, बोट वर केलं. मग जरा बारीक आले. वर केलं. मग आणखी बारीक, लांबून आल्यासारखे. मग काहीच नाही. मी वाट बघितली. काचेपलीकडे मंगल उभी आहे आणि माझ्या बोटाकडे बघते आहे, हे मला मिटल्या डोळ्यांनीही कळत होतं. छाती धडधडायला लागली, त्या धडधडीचाच आवाज येत होता. आणखी वाट बघितली. इतका वेळ आवाज नाही असं कसं होईल? आला असेल. नक्की आला असेल. मी बोट वर केलं.

झाकणातून त्या मुलीचा आवाज आला, हळूच. "अण्णा, आत्ता मी काही लावलंच नव्हतं."

मी रडलो. त्या काचेच्या खोलीत बसून रडलो, मंगलने दार उघडेपर्यंत.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की वयाने कान झिजतो आणि झिजताना वरची पट्टी आधी जाते. माणसांचं बोलणं बऱ्यापैकी राहतं, म्हणून कळत नाही. यंत्र बसेल, बोलणं आणखी स्पष्ट होईल. "पण ते फार बारीक आवाज पहिल्यासारखे येतील असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. यंत्र बसवलं. कुकर, फोन, मंगल, सगळं व्यवस्थित ऐकू येतं. शिंजीर येत नाही.

त्या थंडीतल्या उरलेल्या फेऱ्या मी रद्द केल्या. पाय मुरगळला असं लोकांना सांगितलं. रानाकडे नुसतं बघितलं तरी ती दुर्बीण लावून पुढे निघालेली बाई दिसायची. बंधूंनी निरोप धाडला, दुकानात ये, कापड दाखवायला कान लागत नाहीत. जाऊन बसलोही. समोरच्या पिंपळावर एक चिमुकला पक्षी चोच उघडमीट करताना दिसला. मी गिऱ्हाइकाकडे पाठ करून त्याच्याकडे बघत राहिलो. बंधूंनीच म्हटलं, "जा बाबा तुझ्या रानात."

पुढच्या थंडीत देसाई वकिलांनी माणसं गोळा केली आणि दारात येऊन उभे राहिले. "बर्री, या बाहेर. सगळ्यांना खरं सांगा आणि चला." मी बांधावर उभा राहून सांगितलं, की मंडळी, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कान तुम्ही द्यायचे, ओळख मी देईन. वाटेवर कुठेही चिवचिवाट वाढला की मला तिथल्या तिथे थांबवायचं, लाज धरायची नाही. वाटलं, निम्मे तरी परत फिरतील. एकही फिरला नाही. उलट ऐकलेला आवाज मला करून दाखवायला माणसांना मजाच वाटायला लागली. सुटलेल्या पोटाचा एक कंत्राटदार तोंड चिमणं करून 'ची-वित' म्हणाला, आणि मी पटकन नाव सांगितलं. त्याच्या तोंडून का होईना, मला तो पर्णवटवट्या पुन्हा ऐकू आला.

सबनीसबाई परत आल्या नाहीत. मी दोनदा फोन केला, त्यांनी काहीतरी कारण सांगितलं. त्या सकाळी बाभळीवर होता तो त्यांचाच पक्षी, हे मी त्यांना कळवलं आहे. त्यांचा विश्वास बसला की नाही, माहीत नाही.

बोटांची रीत मी पुन्हा सुरू केली आहे, फक्त आता सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि माझे उघडे. मी मधे उभा राहून त्यांच्या मुठींकडे बघतो. सुरुवातीला सगळ्या मुठी बंद. मी या मुठीवरून त्या मुठीवर नजर फिरवत राहतो, आणि त्या काचेच्या खोलीत धडधडली तशी छाती धडधडते. मग कोणाचं तरी पहिलं बोट वर येतं आणि मी श्वास सोडतो. यंदा ते पहिलं बोट यायला फार वेळ लागला. आणि बोटं वरच आली नाहीत, तर आता माझ्या कानांना दोष देऊन भागणार नाही.